घोंगडीची खळ

गुरुवार, १६ जानेवारी २०२५, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. परभणीच्या क्लाइंबिंग वॉलखाली मी स्टॉपवॉच घेऊन उभी होते. लाकडी पट्टीला लटकलेली रेणुका एकविसाव्या सेकंदाला सुटली आणि गादीवर पडली. ऑक्टोबरमध्ये याच पट्टीवर ती पन्नास सेकंदांच्या पुढे लटकत असे.

कोच वाघमारे सर माझ्याकडे वळले. "मॅडम, चॉकात काही बदल केलाय का तुम्ही?"

एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये मी केमिस्ट आहे. आम्ही लिक्विड चॉक बनवतो. मॅग्नेशियम कार्बोनेटची बारीक पूड अल्कोहोलमध्ये मिसळलेली असते. ती तळहाताला चोळली की अल्कोहोल उडून जाते आणि पांढरा कोरडा थर उरतो. तो घाम शोषतो, त्यामुळे पकड टिकते. ही वॉल आमची पहिली ग्राहक, आणि रेणुका तिथली सर्वांत चांगली क्लाइंबर. रविवारी राज्य संघाच्या शिबिरासाठी निवड चाचणी होती. त्यातली पहिली कसोटी म्हणजे बोटाचे एक पेर मावेल एवढ्या लाकडी पट्टीला लटकून राहणे. किती वेळ लटकले, त्याला हँग टाइम म्हणतात.

आमच्या मालकांना फोन केला. ते म्हणाले, "पोरीचे हात कमजोर झाले असतील. बॅचला नाव ठेवू नका." मी सांगितले की आधी बॅच तपासते, मग नाव ठेवायचे की नाही ते ठरवते. त्यांनी फोन ठेवला.

दर बॅचची एक बाटली आम्ही बाजूला राखून ठेवतो. ती तपासली. अल्कोहोलचे प्रमाण बरोबर, पुडीचा बारीकपणा बरोबर. पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्याने थर नरम पडतो, हे खरे. पण जानेवारीतल्या परभणीची सकाळ ओठ फोडणारी. शिवाय त्याच बाटलीतले चॉक लावून बाकीची मुले व्यवस्थित चढत होती. म्हणजे दोष बाटलीत नव्हता आणि हवेतही नव्हता. तो एकाच मुलीच्या तळहातावर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेणुकाचा हात भिंगाखाली धरला. चॉकचा थर कातडीला बसलाच नव्हता. कांद्याच्या सालीसारखा सुटून येत होता. त्याखाली बारीक काळे तंतू होते.

"हे काय आहे?"

"घोंगडीचं आसंल," ती म्हणाली.

ती मेंढपाळाची मुलगी. त्यांचा कळप तेव्हा पाथरी रस्त्याला, कापूस निघालेल्या एका रानात बसला होता. मेंढरे मोकळी करून ती पहाटे निघे आणि खांद्यावर काळी घोंगडी घेऊन येई. चढायची पाळी येईपर्यंत थंडीने हात त्या घोंगडीतच खुपसून बसे. घोंगडी नवी होती. तिच्या वडिलांनी आपल्याच मेंढरांची लोकर सनगराकडे, म्हणजे विणणाऱ्याकडे, दिली होती. दिवाळीनंतर कळप रस्ता ओलांडत असताना वडिलांना ट्रकने उडवले. घोंगडी त्यांच्या दहाव्याच्या दिवशी विणून आली, आणि आईने ती रेणुकाच्या खांद्यावर टाकली.

विणण्यापूर्वी लोकरीच्या धाग्याला चिंचोक्याची खळ देतात. तिने धागा ताठ राहतो. नव्या घोंगडीत ही खळ आणि लोकरीचा मेणचटपणा दोन्ही असतात. हातांच्या ओलाव्याने खळ चिकट होते, तळहातावर तिचा पातळ लेप बसतो, आणि चॉक कातडीवर न बसता त्या लेपावर बसते.

"एकदा धुऊन टाकली असती तर?" मी विचारले.

"घोंगडी कुणी धुतंय का मॅडम? खळ गेली की पोतेरं होतंय तिचं. खांद्यावर वागवूनच मऊ करायची असती."

मी तिला साबणाने हात धुवायला लावले, घोंगडी दूर ठेवली आणि चॉक लावले. बावन्न सेकंद. मग पाच मिनिटे हात घोंगडीत, पुन्हा चॉक. एकोणीस. पुन्हा साबण. एक्कावन्न. वाघमारे सरांनी टाळी वाजवली. इतके स्वच्छ निष्कर्ष माझ्या नोकरीत फार वेळा मिळालेले नाहीत.

रेणुका मात्र गादीवर बसून राहिली. मी तिला समजावले की प्रश्न फक्त दहा मिनिटांचा आहे. रविवारी तेवढा वेळ घोंगडी आईकडे दे.

"धा मिनिटाचं न्हाई मॅडम," ती म्हणाली. "निवड झाली तर तीन म्हैने पुण्याला. आमच्यात ज्याच्या खांद्यावर घोंगडी, मेंढरं त्याच्या मागं. काका म्हनायलाय, तू भिंतीला लटकायला जा, मेंढरं मी बघतो. तो लोणी गावचा मानूस. तिकडं हाकून नेली की मेंढरं त्याची. आई एकटी काय करनार?"

"मग चाचणीला येऊ नकोस," वाघमारे सर चिडून म्हणाले. "जागा दुसऱ्याला मिळेल."

तिने त्यांच्याकडे पाहिले नाही. माझ्याकडे पाहून हळू आवाजात म्हणाली, "घसरत व्हते तवर काई ठरवायचं न्हवतं."

मी साबणाची वडी तिच्या पिशवीत टाकली. मालकांना रिपोर्ट पाठवला. त्यांनी लगेच अंगठा पाठवला.

रविवारी ती घोंगडीशिवाय आली. साध्या स्वेटरवर, थंडीने काकडत. मी तळहात तपासले, कोरडे, स्वच्छ. चॉक एकसारखे बसले. ती पट्टीला लटकली आणि शेवटपर्यंत तिच्या बोटांखालचा थर कुठेही सुटला नाही. उतरली तेव्हा मुले ओरडत होती. तिची निवड झाली.

फाटकाशी तिचा काका उभा होता. तीच काळी घोंगडी त्याच्या खांद्यावर होती. तो सभ्यपणे बोलला, पोरीने भावाचे नाव काढले म्हणाला. रस्त्यापलीकडे मेंढरे उभी होती. तोंडे लोणीच्या वाटेला. तिला काकडताना पाहून त्याने घोंगडी उतरवली आणि पुढे केली.

"थंडी हाय. घे, पांघर घडीभर."

रेणुकाने पांढरे झालेले दोन्ही तळहात त्याला दाखवले. "नगं काका. हात भरलेत. खराब व्हईल ती."

मेंढरे हलली तेव्हा तिने एकदाच हाक घातली, वडील घालत तशी. पुढची चार मेंढरे थांबली, वळली. मग काकाने काठी आपटली आणि ती कळपात मिसळली.

बॅच निर्दोष ठरली. या धंद्यात मी एवढेच शिकले की दोष शोधून काढता येतो. त्या दोषाच्या आडोशाला कोण बसले आहे, हे मात्र आधी विचारावे लागते. त्या दिवसाची माझी नोंद एका ओळीची आहे. रेणुका, हात साबणाने धुतलेले, घोंगडी नाही, हँग टाइम: अठ्ठावन्न सेकंद.