पोळीतला ळ

पावडर म्हणजे चेहऱ्याला लावायची, एवढीच माझी समजूत होती. मुलीनं ती दुरुस्त केली. ताजा, कोरडा, मांडीभर भुसभुशीत बर्फ म्हणजे पावडर, आणि असा बर्फ पडला की शहाणी माणसं कामाला जात नाहीत. अमेरिकेत आम्ही राहतो त्या रेडमंडहून तासा-दीड तासावर स्कीइंगची एक छोटी टेकडी आहे. तारेवरून वर नेणाऱ्या दोन लिफ्ट, एक कॅन्टीन, ओल्या हातमोज्यांचा वास. असाच बर्फ पडलेल्या एका शुक्रवारी टेकडीच्या पार्किंगमध्ये मला माझं अर्धं ऑफिस भेटलं. सगळे आजारी होते. मीही. मुलीला शाळेची सुट्टीच होती.

मुलगी तेव्हा पंधराची. मी मराठीत बोलायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. इकडे सगळ्याच घरांत हे चालतं, पण मला ते लागायचं. तिनं आपणहून माझ्याशी मराठीत एक वाक्य बोलावं, एवढीच माझी हाव होती. त्यासाठी सहा वर्षं दर रविवारी तिला मराठी शाळेत नेऊन बसवलं. शेवटी तिथल्या काकूंनी हात टेकले. "हिला ळ येतच नाही," म्हणाल्या, "पोळीला पोली म्हणते." भाषेतून ती सापडेना, तर निदान तिच्यामागे उतारावरून तरी जाता यावं, म्हणून त्रेचाळिसाव्या वर्षी मी स्कीइंगचे चार धडे घेतले. हौसेला मोल नाही.

त्या दिवशी तिच्याबरोबर दोन गोऱ्या मैत्रिणी होत्या. मी नेहमीप्रमाणे कॅन्टीनमध्ये डबा घेऊन बसणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "कम विथ अस, आई. इट्स पावडर. यू फॉल, इट वोन्ट इव्हन हर्ट." दोन वर्षांत तिनं मला पहिल्यांदाच कुठे बोलावलं होतं. मी इतकी हुरळले की हेल्मेट उलटं घातलं.

वर लिफ्टमधून उतरलो आणि तिघी भुर्रकन गेल्या. मी तिसऱ्या वळणावर पडले. लागलं नाही, हे खरं. पण एक स्की पायातून सुटली आणि बर्फाच्या पोटात गडप झाली. अशा बर्फात स्की दिसेनाशीच होते, काठीनं टोचत शोधावी लागते. मी कमरेपर्यंत रुतले होते. उठायला हात टेकावा तर तो खांद्यापर्यंत आत. मी आईला हाक मारली, देवाला मारली, मुलीला तर कितीदा मारली. वीसेक मिनिटं एकटी बर्फ उकरत होते.

मग झाडांच्या पलीकडून माझाच आवाज आला.

"अगं बाई गं! कुठे गेली मेली माझी स्की? देवा रे, आता काय करू मी? आणि तू पोळी खाल्लीस का गं? गरम आहे तोवर खा, पोळी!"

माझी मुलगी बोलत होती. शब्द न शब्द माझा, हेल माझा, रडवेपणाही माझा. आणि तो ळ! पुण्यातल्या माझ्या शाळेच्या बाईंनी पाठ थोपटली असती इतका नेमका. मैत्रिणी खिदळत होत्या. त्यांना शब्द कळत नव्हते, तरी मी बरोबर कळत होते. "डू द फूड वन अगेन," एक म्हणाली, आणि मुलीनं पुन्हा करून दाखवलं. म्हणजे हा खेळ आजचा नव्हता. म्हणजे माझ्या हाका ती तिथे उभी राहून ऐकत होती.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझे तळपाय बर्फात होते. मी नुसती गार पडले.

स्की सापडली. ती पायात अडकवून मी झाडांमधून त्यांच्या पुढ्यातून गेले, कुणाकडेही न बघता. उरलेला उतार मी एकदाही न पडता उतरले.

परतताना मैत्रिणींना त्यांच्या दारात सोडलं. डबा मी उघडलाच नव्हता. घर दोन मिनिटांवर असताना मागच्या सीटवरून हळू, अडखळत आवाज आला.

"आई, तू ऐकलंस ना? माझं चुकलं गं. खूप चुकलं."

मराठीत. आपणहून. मला गाडी बाजूला घेऊन तिला पोटाशी धरायचं होतं. पण दुखावलेल्या माणसाला समोरच्याची दुखरी जागा दिसली की हात आवरत नाही. मला ती दिसली होती. मी आरशात तिच्याकडे बघितलं आणि ऑफिसात वापरते त्या इंग्रजीत, अगदी सावकाश म्हटलं, "युअर मराठी साउंड्स रिडिक्युलस. प्लीज, जस्ट स्पीक इंग्लिश."

खोटं होतं. सुरेख बोलली होती पोर.

"ओके," ती म्हणाली.

आता ती दुसऱ्या राज्यात कॉलेजात आहे. नेमानं फोन करते, मायेनं बोलते, मला ताप असला तर दिवसातून दोनदा करते. सगळं इंग्रजीत. आयुष्यात माझं एवढं एकच सांगणं तिनं तंतोतंत पाळलं आहे.