अक्काच्या अर्ध्या गोळ्या

अक्काच्या गोळ्या मी कापल्या. हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, पुढे लग्न झाल्यावर बायकोला नाही, आणि ज्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सरळ विचारलं, त्यांना तर नाहीच. पन्नाशी उलटून गेली. बोलायचा माझा स्वभाव नाही, असं लोक म्हणतात. स्वभावबिभाव काही नाही. एका ठिकाणी गप्प बसलो, आणि मग सगळीकडेच गप्प बसणं सोयीचं झालं.

आमचं घर बेंगळुरातलंच, किती पिढ्यांचं ते आम्हालाही नीट ठाऊक नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि दोन्हीकडे मोठी बहीण म्हणजे अक्का. ती मला तम्मा म्हणायची, कन्नडमध्ये धाकट्या भावाला म्हणतात तसं. खायला काही आलं की आमच्या घरचा नियम ठरलेला होता: धाकट्याने कापायचं आणि मोठ्याने आधी उचलायचं. होळिगे, म्हणजे पुरणपोळी, असो की बेकरीतला दिलपसंद, सुरी माझ्या हातात आणि निवड अक्काची. वाकडं कापलं तर छोटा तुकडा माझ्याच वाट्याला येणार. त्यामुळे मी इतकं बरोबर अर्धं कापायला शिकलो की अक्का दोन्ही तुकडे डोळ्यांसमोर धरून म्हणायची, "अरे, निवडायला तरी काही ठेव!"

पुढे त्याच अचूक नजरेवर मला नोकरी मिळाली. पीण्या या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात मी इन्स्पेक्शनला होतो. मशीनवरून आलेला माल मापायचा, मापात बसला तर पास, नाही तर बाजूला टाकायचा आणि कार्डावर कारण लिहायचं. कारण बरोबर लिहिणं सगळ्यात महत्त्वाचं. कारण चुकलं तर भलत्याच मशीनची दुरुस्ती होते आणि मूळ दोष तसाच राहतो. हे मी नव्या पोरांना दहादा बजावायचो.

अक्का येलहंक्याला दिली होती. भावजींचं तिथे वडिलांबरोबर कापडाचं दुकान. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. भावजी सारखे आजारी पडू लागले, रक्त तपासलं, आणि एचआयव्हीचा रिपोर्ट आला. तो त्यांच्या वडिलांच्या हातात दिला गेला. मग त्यांच्या आईला कळलं, मग त्यांच्या थोरल्या भावाला, आणि सगळ्यात शेवटी अक्काला, तेही तिचं स्वतःचं रक्त काढायला नेताना. तिलाही होतं. पाच वर्षांच्या मुलीला नव्हतं, तेवढं देवाने सांभाळलं. हे लिहितानाही माझी कानशिलं तापतात. ज्या बाईला नवऱ्याकडून हा रोग आला, तिला तो सांगायची गरज कुणाला वाटली नाही!

भावजींना शहरातल्या एका डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. एकाच गोळीत दोन औषधं, सकाळी एक, संध्याकाळी एक. औषध तेव्हा इतकं महाग की घरात एकाचंच येणार हे ठरून गेलं होतं. सासूबाईंनी ते मोठ्याने बोलूनही टाकलं: "आधी मुलगा उभा राहू दे. हिचं मग बघू." डॉक्टरांनी बायकोची साधी चौकशीही केली नाही. गोळ्या लिहिल्या आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

भावजी माणूस वाईट नव्हते. एका रविवारी मी गेलो तेव्हा सासूबाई भजनाला गेल्या होत्या. भावजींनी गोळ्यांची डबी माझ्यासमोर ठेवली.

"काय इन्स्पेक्टर, ही बरोबर अर्धी होईल का?"

"कशाला?"

"तुझ्या अक्काला. माझ्यामुळे झालंय तिला. मी एकट्याने खायचं आणि तिने बघत बसायचं, हे मला गिळवत नाही रे."

अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "तम्मा कापेल. त्याला दुसरं काय येतं?" आणि हसली. रिपोर्ट आल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

त्या दिवशी सुरीने कापल्या, तर चुरा फार पडला. मग मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत पितळेचा एक ठोकळा बनवला. त्यात गोळी बसेल असा खड्डा, आणि मधोमध दाढीचं ब्लेड जाईल एवढीच फट. दर रविवारी भजनाच्या वेळात मी आठवड्याच्या चौदा गोळ्या कापायचो. ठोकळ्यात राहिलेली भुकटी अक्का ओल्या बोटाने टिपून जिभेवर ठेवायची. सासूबाई डबी मोजायच्या. मोजणीत कधीच काही निघालं नाही, कारण दिवसाला दोनच गोळ्या कमी होत होत्या. त्या ठोकळ्याचा मला अभिमान वाटत होता. हेही आज सांगून टाकतो. अभिमान वाटत होता.

असं दहा महिने चाललं. अर्धं औषध घेणं हे काहीच न घेण्यापेक्षा वाईट ठरू शकतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी नाही, विकणाऱ्या दुकानदाराने नाही, डबीतल्या मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांच्या कागदानेही नाही. एवढं जहाल औषध, आणि त्याच्याबरोबर एक वाक्य द्यायला कुणाला सवड नव्हती.

भावजी गेले. शेवटी ताप मेंदूत गेला होता. बाराव्याच्या दिवशी सासूबाईंनी अक्काचं पाण्याचं भांडं वेगळं काढून त्याच्या कडेला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. मी ते भांडं तिथेच उपडं केलं आणि अक्काला आणि भाचीला पीण्याला आमच्या घरी घेऊन आलो. गोळ्या बंद झाल्या.

काही महिन्यांनी कळलं की एका धर्मादाय दवाखान्यात थोड्या लोकांना तीन औषधं फुकट देणार आहेत. अट एकच: आधी या रोगाचं औषध घेतलेलं नसावं. अट तरी बघा! ज्यांना पहिल्यांदा धड औषध मिळालं नाही, त्यांनाच दुसऱ्यांदा दार बंद. फॉर्म इंग्रजीत होता, म्हणून मी भरत होतो. 'यापूर्वी उपचार घेतले आहेत का?' मी अक्काकडे बघितलं. ती म्हणाली, "तुला बरं वाटेल ते लिही." मी 'नाही' लिहिलं.

फॉर्म दिल्यावर आम्हाला शेजारच्या खोलीत बसवलं. तिथे एक बाई सगळ्यांना कन्नडमधून समजावून सांगत होत्या. औषध पूर्ण घेतलं तर विषाणू दबून राहतो. कमी घेतलं, मध्येच सोडलं, वाटून घेतलं, तर तो त्या औषधाला तोंड द्यायला शिकतो. मग तेच औषध पुढे कितीही वेळेवर घ्या, त्याला काही होत नाही. वाटून घेतलं, हा शब्द त्यांनी स्वतःहून उच्चारला. म्हणजे आमच्यासारखे आणखीही होते.

फॉर्म पंधरा पावलांवरच्या टेबलावर होता. उठून परत मागता आला असता. मी उठलो नाही. नाव काढून टाकतील या भीतीने, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं की तो ठोकळा मी बनवला होता.

अक्काचं औषध सुरू झालं. तीनपैकी दोन औषधं तीच, अर्ध्या गोळीतली. सकाळी आठ, रात्री आठ. भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक गोळीला ती पेनने एक टिंब द्यायची. एकदा भाचीने खेळताना आगाऊच टिंब दिलं, तर अक्काने ते खोडून तिला दटावलं, "आधी गिळायचं, मग लिहायचं." सुरुवातीला वजन चढलं. तोंडाला चव आली, होळिगे करते म्हणाली, केलीही. आणि मग सगळं पुन्हा घसरू लागलं. तोंड आलं, ताप सुरू झाला, रक्तातल्या पेशी पुन्हा खाली गेल्या.

डॉक्टरांनी बोलावलं. तरुण होते, थकलेले होते, बाहेर रांग होती. म्हणाले, "अम्मा, गोळ्या खाता की फेकता?"

"खाते, सर."

"नव्या पेशंटला हे औषध लागू पडतंच. तुम्हालाच का नाही पडत?"

अक्काने पिशवीतून कॅलेंडर काढलं. ते अख्खं कॅलेंडर भिंतीवरून उतरवून घेऊन आली होती. त्यांनी दोन पानं उलटली. "टिंबं काय, कुणीही काढेल." मग माझ्याकडे वळले. "फॉर्म तुम्ही भरलात ना? याआधी काही घेतलं होतं? नीट आठवून सांगा."

"इल्ला, सर," मी पुन्हा नाहीच म्हणालो.

"सरी," म्हणजे ठीक आहे, असं म्हणून त्यांनी फाइलमध्ये लिहिलं. मी उलटं वाचू शकतो, कामाची सवय. लिहिलं होतं: औषध नियमित घेत नाही.

अक्का माझ्याकडे बघत नव्हती. कॅलेंडरची गुंडाळी करत होती, कडा जुळवून, नीट.

बसथांब्यावर ती म्हणाली, "शाळेत कधी बाईंची बोलणी खाल्ली नाहीत बघ मी. आज खाल्ली."

"अक्का, मी परत जातो. सांगतो."

"बस आली, चल." आणि बसमध्ये बसल्यावर, खिडकीकडे तोंड करून, "तू प्रेमाने कापल्या होत्यास. आता त्याचा पंचनामा नको."

तिने सोडवलं, आणि मी सुटून घेतलं. दोन महिन्यांनी दवाखान्याने तिचं नाव यादीतून काढलं. कारण तेच. वर्षाच्या आत ती गेली.

मी सांगितलं असतं तर ती वाचली असती का? माहीत नाही. तेव्हा दुसरी औषधं त्यांच्याकडे नसतीलही. पण कारण तरी बरोबर लिहिलं गेलं असतं. मला राग आहे तो याचा. एका डॉक्टरने निम्म्या घरापुरतं औषध लिहिलं, एका घराने सुनेला मागे ठेवलं, एका दवाखान्याने खरं बोलणाऱ्याला दार बंद ठेवलं, एका इन्स्पेक्टरने तोंड मिटलं, आणि दोष लागला कुणाला? जिने एक गोळी चुकवली नाही तिला! त्या तरुण डॉक्टरांनी अक्काकडे बघून काय धडा घेतला असेल? बायका गोळ्या फेकतात, हाच. त्यानंतर किती जणींना त्यांनी तसंच खडसावलं असेल कोण जाणे.

भाची मोठी झाली. आता ती एका औषधाच्या दुकानात काम करते, आणि गोळ्या अर्धवट सोडणाऱ्या गिऱ्हाइकांवर फार चिडते. आईची फाइल तिने माझ्या कपाटात शोधून वाचली आहे. गेल्या वर्षी श्राद्धाच्या दिवशी पानं वाढताना म्हणाली, "मामा, आईला माझी काळजी असती तर तिने गोळ्या चुकवल्या नसत्या." मी ताटात मीठ वाढत होतो. वाढत राहिलो.

पितळेचा ठोकळा अजून माझ्याकडे आहे. कॅलेंडरही आहे, एकही टिंब सुटलेलं नाही. ही दोन्ही भाचीसमोर ठेवून, तिच्या आईने एकही गोळी चुकवली नाही आणि त्या मी कापल्या होत्या, हे तिला तोंडाने सांगणं माझ्याकडून बाकी आहे.