सरेसाच्या कारखान्यातलं नाक

शी! कसला तो कारखाना! कत्तलखान्यातली हाडं, खुरं, कातड्याच्या चिंध्या मोठाल्या कढयांत उकळायच्या आणि सुतारांसाठी सरेस काढायचा. वर पिवळी साय, सायीत माश्या. नवा माणूस पहिल्याच दिवशी भडाभडा ओकायचा. त्यानं नाकाला रुमाल बांधला, की मुकादम तो ओढून काढायचा. "बांधू नकोस लेका! आठवडाभर सोस, आपोआप मरतं नाक."

मुकादमाचं स्वतःचं नाक कधीच मेलं होतं. मेला कढईशेजारी बसून डबा खायचा आणि वर बोटं चाटायचा.

मुकादमाच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई. तिचं सगळं तोच करायचा, त्यात खोट काढायला जागा नाही. भरवायचा, तोंड पुसायचा, चादर बदलायचा. पाठीला मात्र ती हात लावू द्यायची नाही. "राहू दे रे, दुखतं." तो राहू द्यायचा.

एक दिवस परगावची बहीण आली, ती दारातच थबकली. "दादा, काय मेलंय घरात?"

"कुठं काय? काही नाही."

तिनं आईला कुशीवर वळवलं. पाठीला चिकटलेलं कापड सुटलं. खाली तळहाताएवढी काळी जखम, पू वाहतोय, आणि आत किडे वळवळतायत! बहीण मोरीत जाऊन ओकली. तोंड धुऊन आली ती त्याच्यावर तुटूनच पडली. "माणूस आहेस की कोण?"

तिनं बोलावलेली नर्स जखम धुताधुता म्हणाली, "ओरडू नका त्यांना. एकच वास सतत आला, की मेंदूतल्या पेशी त्याची दखल घेणं सोडतात. बदल झाला तरच जाग्या होतात. हा वास रोज थोडाथोडा वाढला, त्यात दिवसभर ती हाडं. कळणार कसं? थोडे दिवस या वासांपासून लांब राहू द्या त्यांना."

"आई वाचेल ना?" त्यानं विचारलं.

"उशीर झालाय. बघू."

आईपाशी बहीण राहिली, तो महिनाभर तिच्या घरी जाऊन राहिला. परत आला त्या दुपारी उंबऱ्यातच वासाचा भपकारा नाकात घुसला. जखम निम्मी भरली होती, तरी एवढा! चौकट धरून तो पायरीवरच ओकला. स्वतःचीच अशी किळस त्याला जन्मात आली नव्हती.

तोंड पुसत तो आईजवळ बसला. मान वर करवेना.

"आज आला होय रे वास?" आईनं विचारलं.

त्यानं मान डोलावली.

"मला वाटायचं, तुला रोजच येतो. पोरगं मुकाट्यानं सोसतंय, बोलून त्याला कशाला लाजवायचं? म्हणून मीच गप्प राहिले."