माळेचा मान आन् गोळीचं काम

ह्यांचे गाल पिवळे, कपाळ पिवळं, तळहात तर हळदीत बुडवल्यावानी! लेकरू कडेवर, हातातली भाकरी तव्यावरच सोडली आन् मी वरडले, "आत्या, पळा! ह्यांना बघा!"

आत्या म्हंजी माझी सासू. तिनं एकदाच बघितलं. "कावीळ हाय. तुझ्या त्या गोळ्यांनीच केली."

गोळ्या ह्यांच्या किडनीच्या कॅन्सरच्या. गाठी फुफ्फुसात गेल्या म्हणून डॉक्टर म्हणले व्हते, नुसतं ऑपरेशन करून भागायचं नाय. एक तर रोजची गोळी, नायतर दर काही आठवड्यांनी सलाईनमधून इंजेक्शन. कधी कधी दोन्ही. लेकरू तान्हं, म्हणून आम्ही घरी घ्यायची गोळी धरली. चार आठवडे घ्यायची, दोन आठवडे सुट्टी.

आत्या यष्टीनं कन्नडला गेली, तिथल्या बाबांकडून काविळीची माळ घेऊन आली. बारीक काड्यांची, ह्यांच्या गळ्यात घातली. ती वाढत वाढत गुडघ्याला टेकली की कावीळ गेली म्हणत्यात. मी ह्यांना रिक्षात घालून डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टरनं रक्त तपासलं. "डोळे बघा, पांढरेशुभ्र. लिव्हर चांगलं हाय. हा औषधाचाच रंग. आता सुट्टीचे दोन आठवडे, उतरेल. तोंड आलं, तळपाय सोलले तर सांगा, डोस कमी करू. पण मनानं बंद करू नका."

सुट्टीत रंग उतरला. आन् माळ आली बेंबीला!

"बघ, माळेनं पळवली," आत्या म्हणली. "आता गोळी बंद."

"आईचं खरंय," हे म्हणले. तोंड आलेलं, मिरचीला मुकलेला माणूस, त्याला काय, आयतीच सुट्टी!

सोमवारी गोळी सुरू करायची. सातवी शिकलेली मी, माझं कोण ऐकतंय? मी मोबाईल कानाला लावला, खोटाच. मग म्हणले, "आत्या, माळवाले बाबा म्हणत्यात, गोळी थांबवली की माळ रुसती."

सोमवारी आत्यानंच पाण्याचा तांब्या भरून आणला. "घे रं, माळेचा मान हाय." डॉक्टरला सगळं सांगितलं, त्यांनी डोस कमी केला. आता हे मिरचीबी खात्यात.

परवा छातीच्या फोटोत गाठी थोड्या आकसल्या. मी रडले, आत्या नाचली. आन् आता नारळ, शेला घेऊन निघालीय कन्नडला, बाबांचे पाय धरायला! बाबा म्हणणार, कुठला फोन, कसली गोळी? खरं सांगावं तर उद्याची गोळी जाती, गप बसावं तर आत्या बाबांना भेटून आली की परवाची.

यष्टी यायला घंटाभर हाय. सांगा बायांनो, तुम्ही काय केलं असतं?