भांडगावच्या अलीकडे बंद पडणारी गाडी

आमच्याकडे एक जुना ट्रक होता. आधी तो आप्पा, म्हणजे माझे वडील चालवायचे. त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा स्टेअरिंग दादाकडे, माझ्या थोरल्या भावाकडे आलं. दौंडला कांदा भरायचा आणि सोलापूर रस्त्याने पुण्याच्या मार्केट यार्डात नेऊन टाकायचा, हे त्याचं काम. रस्ता तेव्हा चौपदरी झालेला नव्हता. एका सकाळी भांडगावच्या अलीकडे तो कडेला गाडी लावून पंक्चर झालेलं चाक बदलत होता आणि मागून आलेल्या गाडीने त्याला उडवलं. आमच्या ट्रकला साधा ओरखडाही आला नाही. त्या ट्रकचा मला आजही राग येतो.

तेरावं होईपर्यंत ट्रक दारात उभा होता. तेवढ्यात कुणीतरी टाकीत नळी घालून डिझेल काढून नेलं. दुखवट्याच्या घरातलं डिझेल चोरणाऱ्याला काय म्हणावं? टाकीचं झाकण तसं नावालाच होतं. ते सैल असायचं आणि दादा त्याखाली फडकं कोंबून ठेवायचा. आप्पांनी ते फडकं उकिरड्यावर टाकलं, दौंडहून कुलपाचं नवंकोरं झाकण आणलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. मग दुखरे गुडघे घेऊन ते पुन्हा स्टेअरिंगवर बसले. दुसरं कोण बसणार होतं?

आणि गाडी बंद पडायला लागली. दौंडहून निघताना झकास चालायची. पाटस, वरवंड व्यवस्थित मागे पडायचं. भांडगाव जवळ आलं की मात्र ती दम सोडायची, आचके द्यायची आणि थांबायची. आप्पा खाली उतरत. डिझेल आहे ना, हे बघायला कुलूप काढून टाकीत काठी घालत, झाकण पुन्हा लावत, मग पंपाशी वाकून पाइपातली हवा काढत बसत. थोड्या वेळाने गाडी सुरू होई आणि थेट पुण्याला जाई. त्यांनी फिल्टर बदलला. टाकी उतरवून आतला गंज धुऊन काढला. पाइप तोंडाने फुंकून बघितले, पंपाचे वायसर बदलले. पण पुढच्या खेपेला भांडगाव आलं की पहिले पाढे पंचावन्न.

हे आईच्या कानावर गेलं. दादा गेल्यापासून ती ना जेवत होती ना कुणाशी बोलत होती. ती एवढंच म्हणाली, "त्योच थांबवतोय गाडी. म्या येनार." आप्पांनी आढेवेढे घेतले, पण ती ऐकणाऱ्यातली नव्हती. दर खेपेला ती बरोबर जायला लागली.

मला शिरूरला दिली होती. दिवाळीनंतर माहेरी आले तेव्हा हे असं चाललेलं. खेपेच्या दिवशी आई पहाटे उठून न्हायली, वेणी घातली. घासभर भाकरीही तिने खाल्ली. मीही त्यांच्याबरोबर केबिनमध्ये चढले. भांडगाव जवळ आलं आणि खरोखरच गाडीने आचके दिले. आई लगबगीने उतरली आणि रस्त्याकडेच्या बाभळीखाली जाऊन बसली. दादा गेला ती जागा तिथून बरीच पुढे होती. गाडी कधी अलीकडे थांबायची, कधी पलीकडे, पण आईचा हिशोब इतका बारीक नव्हता. ती त्याला घरची खबरबात सांगत होती. म्हैस व्यायली, रेडी झाली. शेजारच्या पोरीचं लग्न ठरलं. चुलत्याचं अन् आप्पांचं पुन्हा बिनसलं. इतकं तर ती माझ्याशीही बोलत नव्हती. मला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला.

मग मी आप्पांकडे बघितलं. ते रस्त्याला पाठ करून वाकले होते. त्यांच्या मागून गाड्या वाऱ्यासारख्या जात होत्या. दादा असाच वाकला असणार. या घरातलं अजून एक माणूस याच रस्त्यावर घालवायचं आहे का, असं मला ओरडावंसं वाटलं.

त्यांनी झाकण उघडलं तेव्हा टाकीतून 'सुस्स' असा लांब आवाज आला. इंजिनाशेजारी जन्म काढून आप्पांचे कान गेले होते, त्यांना तो ऐकू आला नाही. बाभळीखालून आई म्हणाली, "ऐकलंस? उसासा टाकतोय माझा बाळ." मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार होते?

तो आवाज माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी आईला घरी ठेवून मी आप्पांना घेऊन वरवंडच्या मिस्त्रीकडे गेले. तो दादाचा जिवाभावाचा दोस्त. ईदला दादा त्याच्याकडे जेवायचा, दिवाळीला तो आमच्याकडे. मी आवाजाचं सांगितलं तसा तो उठला आणि झाकण बघून तिथंच उकिडवा बसला.

"आप्पा, ह्ये कवा बसवलं?"

"तेराव्यानंतर. डिझेल चोरलं व्हतं."

"ह्याला भोकच न्हाई. डिझेल कमी हुईल तशी टाकीत बाहेरची हवा जायला पायजे. न्हाई गेली तर टाकी आतनं आवळती आन् डिझेल फुडं सोडत न्हाई. तुम्ही काठी घालाया झाकण उघडता, तवा हवा आत जाती. टाकीत हवेला जागा बी झाल्याली असती, म्हनून मग पुन्यापतूर चालती. दर खेपेला टाकी दौंडलाच फुल करता ना? मग दम बी तितल्या तितंच सुटनार." जरा थांबून तो म्हणाला, "त्याला ठावं हुतं. जुन्या झाकणाचं भोक बी गंजून बुजल्यालं. म्हनून तर सैल ठेवून फडकं लावायचा."

"मला कवा बोलला न्हाई," आप्पा म्हणाले.

"बोलला असता तर तुम्ही वरडला असता, डिझेल सांडतंय म्हनून."

आप्पा ओशाळवाणं हसले आणि त्यांचे डोळे भरून आले. मिस्त्रीने हातातलं ड्रिल झाकणावर टेकवलं आणि तो थांबला. आईचं बाभळीखाली बसणं त्यालाही माहीत होतं. त्या रस्त्यावर ते कुणाला माहीत नव्हतं?

"पाडू का भोक?"

आप्पांनी करदोट्याची किल्ली चाचपली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाड."

आईला आम्ही काही सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगणार? पुढच्या खेपेला ती नेहमीसारखी न्हाऊन, वेणी घालून दोघांच्या मध्ये बसली. वरवंड गेलं, चौफुला गेला. भांडगाव जवळ आलं तशी तिने पदर सारखा केला आणि उतरायला सोपं पडावं म्हणून सरकत सरकत मला ओलांडून दाराशी गेली. इंजिन मजेत गात होतं. इतकी छान ती गाडी कधी चालली नसेल. बाभळ आली आणि मागे गेली. आई काचेतून मागे बघत राहिली. मग दादा गेला ती जागा आली, आणि तीही मागे गेली.

आप्पांचा पाय आपोआप ब्रेककडे गेला. गाडी हळू झाली.

"थांबवतो," ते म्हणाले, "उतर तू. बस घटकाभर."

आईने त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. सगळं समजलं होतं तिला.

"नगं," ती म्हणाली, "तुम्ही थांबवून काय करायचं? त्यो थांबवत व्हता तवर ठीक व्हतं."

आप्पांनी गिअर टाकला. यवत येईपर्यंत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, दादा गेल्यावर रडली नव्हती तेवढी.