छापलेला प्रोग्रॅम चालेना

भोरमध्ये माझा छोटा कॉम्प्युटर क्लास आहे. आज उत्रोलीची सुरेखा प्रोग्रॅमिंगचं विटेएवढं जाड पुस्तक घेऊन आली. म्हणाली, "सर, मला न्हाई जमत. क्लास सोडते."

तिनं पुस्तकातला प्रोग्रॅम जसाच्या तसा टाईप केला होता, पण तो चालत नव्हता. मीही करून पाहिला. चूक पुस्तकातच होती. खाली उत्तर मात्र ऐटीत छापलेलं. लेखकमहाशयांनी तो एकदाही चालवून बघितला नसणार.

"पण सर, छापलेलं चुकीचं कसं आसंल?"

पुस्तकाचा कागद इतका गुळगुळीत, की भेळ बांधायलाही कामाचा नाही. मी ते टेबलाखाली सरकवलं.

उठताना त्याला माझा पाय लागला. सवयीनं हात नमस्काराला खाली गेला, तो मी मागे घेतला.

तुम्ही केला असता नमस्कार?