अस्तरातलं नाव

रिचमंड या शब्दाचा मला राग येतो. विलायतेत त्या नावाचं एक जुनं गाव आहे म्हणे. त्या गावाने माझं काही वाकडं केलेलं नाही. पण आमच्या लहानपणी बंगळुरात हे नाव कुत्र्याच्या छत्रीसारखं जिथे तिथे उगवलेलं होतं. वस्ती रिचमंड, रस्ता रिचमंड, चौक रिचमंड. शाळेतल्या त्या बाजूच्या मुली तर पत्ता असा सांगायच्या, जणू गाव त्यांच्या आजोबांनीच वसवलं.

आम्ही राहायचो पेठेत. जातीने शिंपी, कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलेलो, घरात मराठी. माझे वडील, अण्णा, दंडूत म्हणजे छावणीच्या भागात एका इंग्रज साहेबाच्या दुकानात कटर होते. साहेब मूळचा त्या विलायतेतल्या रिचमंडचा. दुकानाच्या पाटीवर काहीही असो, कोटाच्या आतल्या खिशावर लावायच्या लेबलावर त्याने आपल्या गावाचं नाव विणून घेतलं होतं, पांढऱ्या फितीवर लाल अक्षरांत. तयार कोट अण्णांच्या सायकलवरून घरी यायचे. काजं, बटणं आणि लेबलं आई आणि मी करायचो. जेवायला वाढायच्या आधी आई विचारायची, "रिचमंड झालं का गं?"

अण्णांनाही लोक रिचमंडअण्णाच म्हणत. त्यांचं खरं नाव रेशनकार्डाला तेवढं ठाऊक.

मी एसएसएलसीला, म्हणजे मॅट्रिकला, होते त्या वर्षी साहेब दुकान विकून गावी परत निघाला. जाताना त्याने अण्णांकडून स्वतःसाठी ओव्हरकोट शिवून घेतला. अण्णांनी त्या कोटावर जीव ओतला. काजंसुद्धा आम्हाला करू दिली नाहीत. कोट पुरा झाला तेव्हा माझ्याजवळ येऊन बसले.

"अक्का, माझं नाव इंग्रजीत लिहून दे. स्वल्प मोठं."

माणसाचा खांदा नुसत्या नजरेने मापणाऱ्या माझ्या बापाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी लिहून दिलं. त्यांनी ते खडूने अस्तरावर उतरवलं आणि आतल्या खिशावर, लेबलाच्या जागी, लाल दोऱ्याने भरलं. एकेक अक्षर कागदाशी ताडून पाहत होते.

"एक कोट तरी माझा म्हणून जाऊ दे," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कोट परत आला. साहेब रागावला असता तर बरं झालं असतं. तो हसला होता. पाठ थोपटून म्हणाला होता की काम झकास आहे, पण ही लेबलाची जागा. गावी लोक कोट उघडून बघतील तेव्हा त्यांना गावाचं नाव दिसायला हवं.

अण्णांनी कोट माझ्या मांडीवर ठेवला. "तूच उसव," म्हणाले.

"अहो, दुसऱ्या बाजूला घाला की," आई म्हणाली. "आत कोण बघायला जातंय?"

"नको. सरी नाही ते, बरोबर नाही."

मी उसवलं. बारीक टाके होते, वेळ लागला. अस्तरावर सुईची भोकं राहिली, त्यांच्यावर मी लेबल शिवलं. तोवर अण्णा इस्त्री तापवून बसले होते. लाल दोऱ्याचे तुकडे आईने केराबरोबर झाडून टाकले, आणि कोट विलायतेला गेला.

साहेबावर मी पुष्कळ वर्षं दात खाल्ले. पण खरं सांगायचं तर कात्री माझ्या हातात होती. लेबलाखाली नाव तसंच ठेवून वरून टाके घातले असते, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. मला सुचलं नाही. सांगितलेलं काम नीट करायचं, एवढंच आमच्या घरात सगळ्यांना येत होतं.

अण्णा जाऊनही बरीच वर्षं झाली. समाजाच्या लग्नात एखादी म्हातारी डोळे बारीक करून विचारते, "कुणाची गं तू?" मी अण्णांचं नाव सांगते. आडनावासकट, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. ती नुसती बघत राहते. मी आणखी एकदा सांगते. तरी नाहीच. मग घसा खाकरून म्हणते, "रिचमंडअण्णांची."

"अगंबाई, मग तसं सांग की!" म्हातारी म्हणते, आणि मायेने माझा हात धरते.